मालिकेतील सून राजीनामा देते, तेव्हा तिचा नवरा कुठे असतो?

मुलुंडच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. पत्र मोठे असल्यामुळे त्यातील आवश्यक तेवढा भाग येथे देत आहे.

‘माझे वय ३१ वर्षे आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातील एका कंपनीच्या हिशेब विभागात मी काम करते आणि तेथे माझे पाचवे वर्ष सुरू आहे. मुलगी १४ महिन्यांची आहे. सासू-सासरे आमच्याबरोबर राहतात आणि दिवसभर मुलीला सासूबाई सांभाळतात. रात्री आमच्या घरी एक मालिका न चुकता पाहिली जाते. तिची नायिका वास्तुविशारद आहे. गेल्या पंधरवड्यात तिला एका मोठ्या प्रकल्पाचे प्रमुखपद मिळाले आणि नेमका त्याच दिवशी तिच्या मुलाला ताप भरला. घरून फोन येताच ती सादरीकरण अर्धवट टाकून धावत आली, मुलाला छातीशी धरून रडली आणि दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला. तिचा नवरा त्याच शहरात, स्वतःच्या ऑफिसात होता. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने तिचे कौतुक केले. सासूबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, “शेवटी आईच ती.” मी काही बोलले नाही. पण त्याच आठवड्यात मला टीम लीड म्हणून बढती देऊ केली आहे. ती घेतली तर आठवड्यातून तीन दिवस घरी यायला साडेआठ होतील आणि महिन्यातून एकदा पुण्याला जावे लागेल. यजमान म्हणतात, “तुला जमत असेल तर घे, माझी हरकत नाही.” सासूबाईंना अजून सांगितलेले नाही. त्यांनी स्वतः यजमान लहान असताना शाळेतील नोकरी सोडली होती. ती मालिका पाहताना मला अपराधी वाटते आणि रागही येतो. मालिका खोटी आहे की मीच स्वार्थी आहे? घरी हे कसे सांगू? महिनाअखेरपर्यंत ऑफिसला उत्तर द्यायचे आहे.’

प्रिय वाचक भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वार्थी नाही. इतकी वर्षे मन लावून केलेल्या कामाची कदर झाली आणि तिचा आनंद तुम्हाला घरात मोकळेपणाने सांगता आला नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ही बातमी कळल्यावर घरात पेढे यायला हवे होते. त्याऐवजी तुम्ही ती मनात दडवून टीव्हीसमोर बसलात आणि समोर जे दिसले त्यावरून स्वतःचे मोजमाप केलेत. म्हणून आधी मालिकेविषयी बोलू आणि मग तुमच्या घराविषयी, कारण या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्याशिवाय बढतीचा निर्णय शांतपणे घेता येणार नाही.

त्या प्रसंगातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेला आहात. नायिकेचा नवरा त्याच शहरात होता. मुलाला ताप भरला तेव्हा घरात माणसे होती, थर्मामीटर असणार, डॉक्टरांचा नंबर असणार आणि मुलाचे वडील अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर होते. तरीही फोन आईलाच गेला आणि आईने येणे किंवा न येणे एवढीच निवड पडद्यावर उरली. वडिलांना फोन लागला नाही, ते बैठकीत होते, एवढे सांगण्याचीही लेखकाला गरज वाटली नाही. प्रश्न अशा रीतीने मांडला की त्याचे उत्तर आधीच ठरून जाते. तापाने फणफणलेले मूल एका बाजूला आणि इमारतीचा आराखडा दुसऱ्या बाजूला ठेवला, तर कोणतीही माणुसकी असलेली व्यक्ती मुलाकडेच धावेल. तुम्हीही धावाल आणि तुमचे यजमानही धावतील. परंतु बाईचे करिअर आणि तिचे घर यांचा खरा प्रश्न तापाच्या एका दिवसाचा नसतो. तो मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला मुलीला खिचडी कोण भरवणार, याचा असतो आणि त्याचे उत्तर घरातील प्रत्येक माणसाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते.

मालिका खोटी आहे का, असे तुम्ही विचारता. त्या बाईची घालमेल खोटी नाही, म्हणून तर तुम्हाला आणि सासूबाईंना ती लागली. मात्र त्या घालमेलीभोवती जे घर उभे केले आहे, त्यातून कितीतरी गोष्टी काढून टाकलेल्या आहेत. त्या कशा काढल्या जातात, हे थोडे कळले तर तुमचा अपराधीपणा निम्मा कमी होईल. दैनंदिन मालिकेचा एक भाग जाहिराती वगळता साधारण वीस-बावीस मिनिटांचा असतो आणि असे पाच-सहा भाग दर आठवड्याला द्यावे लागतात. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेचे आकडे दर गुरुवारी येतात, त्यांवरून कथानक ओढले किंवा वळवले जाते, आणि प्रत्येक भाग अशा ठिकाणी थांबवावा लागतो की दुसऱ्या दिवशी लोक पुन्हा बसतील. तीन दिवस आई उशिरा येते, दोन दिवस बाबा लवकर येतात, शेजारच्या काकू मधला अर्धा तास सांभाळतात, अशी रोजची जुळवाजुळव म्हणजे मुंबईतील लाखो घरांचे खरे आयुष्य आहे. पण त्यात भागाच्या शेवटी थांबण्याजोगे काही नसते. राजीनाम्यात ते असते.

शिवाय चित्रीकरण बहुधा एका कायम उभारलेल्या घरात होते. गोरेगावची चित्रनगरी असो, मढ असो की ठाण्याचा घोडबंदर रस्ता, तेथे दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि देवघर महिनोन्‌महिने उभे असते, तर नायिकेचे ऑफिस म्हणजे काचेची एक केबिन आणि टेबलावरच्या चार फाइली. तुमची ही नायिका वास्तुविशारद आहे. पण कंत्राटदाराशी तिची खडाजंगी झालेली, महापालिकेच्या परवानगीसाठी तिने खेटे घातलेले किंवा एखाद्या जिन्याचे माप चुकले म्हणून ती रात्रभर बसलेली तुम्ही कधी पाहिली का? घर प्रेक्षकाला रोज दिसते आणि काम कधीच दिसत नाही, म्हणून घरासाठी काम सोडणे त्याला सोपे आणि सुंदर वाटते. जे काम कधी पाहिलेच नाही, ते गेल्याचे दुःख कोणाला होणार? सकाळी मुलुंडहून गाडी पकडून कुर्ल्याला उतरणे, तिथून बस किंवा शेअर रिक्षाच्या रांगेत उभे राहणे आणि संध्याकाळी तोच प्रवास उलट दिशेने करणे, हे तुमच्या दिवसातले दोन-अडीच तास त्या नायिकेच्या आयुष्यात नाहीत. ती ‘धावत घरी येते’ म्हणजे एका दृश्यातून दुसऱ्या दृश्यात येते.

नेहमी असेच होते असे नाही आणि सगळ्या मालिकांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे ठरेल. १९८९ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या ‘उडान’मध्ये पोलीस अधिकारी होण्यासाठी धडपडणारी मुलगी होती आणि तिची नोकरी हाच मालिकेचा गाभा होता. १९९९ मध्ये त्या वेळच्या अल्फा मराठी वाहिनीवर सुरू झालेल्या ‘आभाळमाया’तील सुधा जोशी प्राध्यापिका होती, तिच्या संसारात वादळे कमी नव्हती, पण तिने नोकरी करावी की नाही हा त्या वादळांचा विषय नव्हता. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ने घरी राबणाऱ्या बाईच्या श्रमांचा प्रश्न अनेक घरांत जेवणाच्या ताटापर्यंत आणला, हे तिचे श्रेय मी मानते, परंतु तिच्या सुरुवातीच्या मांडणीत ऑफिसात काम करणारी हुशार स्त्री हीच संसार मोडणारी दुसरी बाई होती, हेही विसरता येत नाही. गृहिणी सोशीक आणि नोकरदार स्त्री महत्त्वाकांक्षी, म्हणून थोडी संशयास्पद, ही विभागणी आपल्या मालिकांनी इतक्या वेळा केली आहे की ती आता नैसर्गिक वाटू लागली आहे. माझा आक्षेप या सवयीवर आहे. एखादी नायिका विचारपूर्वक नोकरी सोडून घरी राहिली, तर तिच्याबद्दल मला पूर्ण आदर वाटेल. तिच्या राजीनाम्यालाच आईपणाची परीक्षा ठरवणे मात्र मला मान्य नाही.

आणि ही परीक्षा आपल्या शहराच्या इतिहासालाही धरून नाही. मुंबईत बायका कामाला जाऊ लागल्या त्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्यावर नव्हे. कापड गिरण्यांत हजारो बायका खात्यांमध्ये उभ्या राहून काम करीत होत्या, कोळणी पहाटे बंदरावरून टोपल्या घेऊन निघत होत्या आणि गिरणगावातील खानावळवाल्या बायका स्वतःच्या चुलीवर दहा-वीस कामगारांचे डबे शिजवीत होत्या. त्या खानावळवाल्यांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले. देशातील पहिला प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये झाला तो मुंबई इलाख्यातच. त्याच्या विधेयकावर १९२८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी भूमिका घेतली होती. म्हणजे आई आणि कामगार या दोन्ही नात्यांनी एकच बाई जगते आणि तिचा भार एकट्या तिच्यावर टाकता येणार नाही, हे या शहरात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी कायद्याच्या भाषेत मान्य झाले होते. आजच्या मालिकेने ते विसरावे, याची मला खंत वाटते.

आता तुमच्या घराकडे वळते आणि सासूबाईंपासून सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रातील मला सर्वांत हळवी वाटलेली व्यक्ती त्याच आहेत.

त्यांचे अश्रू म्हणजे तुमच्यावर ठेवलेला ठपका, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते तसे असूही शकेल. परंतु मुलगा लहान असताना शाळेतील नोकरी सोडलेली बाई पडद्यावर दुसऱ्या एका बाईला राजीनामा देताना पाहते, तेव्हा तिला आधी स्वतःचे आयुष्य आठवणार, सुनेचे नव्हे. ‘शेवटी आईच ती’ हे वाक्य त्यांनी कदाचित स्वतःलाच सांगितले असेल. त्या काळी त्यांच्या त्यागाचे कोणी कौतुक केले होते का, पुन्हा शाळेत जावेसे त्यांना वाटले होते का, आपला वर्ग आणि आपली मुले त्यांना आठवतात का, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे? त्या मालिकेतील सर्व कुटुंबीय नायिकेभोवती उभे राहून तिचे कौतुक करतात. तुमच्या सासूबाईंच्या वाट्याला तसा दिवस आला नसेल तर त्या दृश्याने त्यांचे डोळे भरून येणे मला अगदी समजू शकते. एखाद्या दुपारी मुलगी झोपलेली असताना त्यांच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘आई, तुम्ही शाळा सोडलीत तेव्हा तुम्हाला कसे वाटले होते?’ त्या दिवशी बढतीचा विषय काढू नका. केवळ ऐका. याचा उपयोग करून पुढे परवानगी मिळवायची, अशा हिशेबाने विचारू नका. माणूस म्हणून विचारा. उत्तर काहीही आले तरी त्यानंतर तुम्ही दोघी टीव्हीसमोर पूर्वीसारख्या बसणार नाही, अशी मला आशा आहे.

दुसरी गोष्ट थोडी कठोर आहे. तुम्ही घरी साडेआठला पोहोचू लागलात, तर तुमच्या बढतीची किंमत सर्वांत आधी सासूबाई मोजतील. चौदा महिन्यांचे मूल म्हणजे धरून चालणारे, पडणारे, हाताला लागेल ते तोंडात घालणारे मूल. सकाळपासून त्याच्यामागे फिरलेल्या आजीच्या दिवसात आठवड्यातून तीनदा आणखी दोन तास वाढणार आणि ते कोणी न विचारता वाढणार, हे बरोबर नाही. त्यांना नाही म्हणण्याचा अधिकार आहे आणि तो तुम्ही त्यांना आधी द्यायला हवा. म्हणून विचारताना ‘मी बढती घेऊ का?’ असे विचारू नका, कारण तुमच्या नोकरीचा निर्णय तुमचा आहे. त्यांना विचारायचा प्रश्न त्यांच्या श्रमांबद्दल आहे: ‘आई, संध्याकाळी सहानंतर तुम्हाला मोकळे करायचे ठरवले, तर कसे करावे असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नात त्यांचा मानही राहतो आणि त्यांचा थकवाही बोलून दाखवता येतो.

संध्याकाळच्या वेळेसाठी बाई ठेवायची असेल किंवा जवळचे पाळणाघर पाहायचे असेल, तर त्याचा खर्च घराचा धरा. बहुतेक घरांत नकळत एक हिशेब होतो: सुनेचा पगार इतका, त्यातून बाईचे आणि पाळणाघराचे पैसे गेले की उरतात एवढेच, मग नोकरी कशाला? मूल दोघांचे असेल तर खर्चही दोघांच्या पगारांतून जायला हवा. तुम्ही स्वतः हिशेब विभागात आहात, तेव्हा एकाच खात्यावर सगळा खर्च टाकल्याने ते खाते तोट्यात दिसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि जी बाई येईल तिलाही घर आणि मूल असेल; तिच्या रजेचे दिवस आणि घरी जायची वेळ आधीच ठरवून ती पाळा. स्वतःच्या उशिराचा भार तिच्या घरावर ढकलला, तर फक्त बाई बदलली, अन्याय तोच राहिला.

आता यजमानांविषयी. ‘तुला जमत असेल तर घे, माझी हरकत नाही’ हे त्यांचे वाक्य सद्भावनेचे आहे, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्यात ते स्वतः कुठेही नाहीत. जमवायचे तुम्ही आणि हरकत न घ्यायची त्यांनी, एवढीच त्यांची भूमिका राहिली, तर ते त्या मालिकेतील नवऱ्यापेक्षा फार वेगळे ठरत नाहीत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर केलेल्या वेळवापराच्या पाहणीत घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. तीही जे पुरुष असे काम करतात त्यांची, आणि असे पुरुष शंभरात साधारण २६ होते. तुमच्या घरातील आकडा यापेक्षा चांगला असेल किंवा नसेल, तो तुम्ही दोघांनी मिळून काढावा, अशी माझी सूचना आहे. एक आठवडा दोघांनी एकाच वहीत लिहा: मुलीला उठवणे, भरवणे, न्हाऊ-माखू घालणे, औषध, कपडे, बाजार, रात्रीचे जागरण, आणि ही सगळी कामे लक्षात ठेवण्याचे कामही. त्यात सासूबाईंचे आणि सासऱ्यांचे तासही लिहा. भांडण्यासाठी ही वही नाही. जे काम दिसत नाही त्याची वाटणी करता येत नाही, म्हणून ते आधी कागदावर यायला हवे.

मग ‘थोडी मदत कर’ असे न म्हणता संपूर्ण जबाबदाऱ्या त्यांच्याकडे द्या. ज्या तीन दिवशी तुम्हाला उशीर होणार आहे, त्यांतील निदान दोन दिवशी ते साडेसहाला घरात हवेत आणि त्यासाठी त्यांनी त्यांच्या ऑफिसात बोलायला हवे, जसे तुम्ही तुमच्या ऑफिसात बोलता. मुलीचे लसीकरण त्यांच्याकडे द्या. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, त्याची तारीख त्यांच्या फोनमध्ये असू द्या आणि त्या सकाळी सुट्टी त्यांनी काढू द्या. आणि पाळणाघर ठरले तर तेथील फॉर्मवर संपर्कासाठी पहिला नंबर त्यांचा लिहा. ही बाब छोटी दिसते, परंतु त्या मालिकेतील अख्खा प्रसंग घडला तो फोन फक्त आईला गेला म्हणून. ते पहिल्या वेळी चुकतील, मोजे विसरतील, डॉक्टरांना विचारायचे राहून जाईल. त्यांना चुकू द्या आणि त्यांच्या मागून जाऊन सगळे पुन्हा नीट करू नका. येथे बायकांनाही स्वतःचा हात मागे घ्यायला शिकावे लागते आणि ते सोपे नसते, हे मी जाणून आहे. पुरुषांना घराबाहेरून फारसे पाठबळ मिळत नाही, हेही खरे: केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा आहे, खासगी नोकरीत मात्र ती बहुतांशी मालकाच्या धोरणावर सोडलेली असते. तरीही संध्याकाळी साडेसहाला घरी येण्यासाठी कायदा लागत नाही.

कायदा तुमच्या बाजूने जिथे आहे तिथे तो मागा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आली, ती तुम्ही घेतलीच असेल. त्याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. चौदा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन गर्दीच्या वेळी मुलुंड ते कुर्ला प्रवास करा, असा सल्ला मी मुळीच देणार नाही. तुमच्यासारख्या दूर राहणाऱ्या आईला ऑफिसातील पाळणाघराचा उपयोग फार थोडा, ही त्या तरतुदीची मुंबईतील मर्यादा आहे. परंतु घराजवळच्या पाळणाघराचा खर्च कंपनी देईल का, हे एचआरला विचारण्यात संकोच करू नका. काही कंपन्या तो देतात.

राजीनाम्याचा विचार तुमच्या मनात डोकावला असेल, तर एक व्यवहाराची गोष्ट सांगते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते आणि तुमचे पाचवे वर्ष अजून पूर्ण व्हायचे आहे. मातृत्व रजेचे २६ आठवडे त्या सेवेत धरले जातात. मालिकेतील नायिका राजीनाम्याचे पत्र टेबलावर ठेवून निघून जाते, तिचे पुढचे हिशेब कोणी दाखवत नाही. तुम्हाला तुमचे पाहावे लागतील.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर बढती घ्या. पगार वाढेल हे एक कारण आहेच. शिवाय मुलीची ही दोन-तीन वर्षे फार कष्टाची असली तरी ती संपतात आणि त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे तुम्ही ज्या जागी असाल, ती जागा आत्ता ठरते. टीम लीडचे कामाचे तास जास्त असतात, पण त्या तासांवर थोडी सत्ताही असते; बैठक साडेसहाला ठेवायची की साडेचारला, हे ठरवणाऱ्यांत तुम्ही असाल आणि तुमच्या हाताखालच्या एखाद्या तरुण आईला किंवा बापालाही त्याचा फायदा होईल. मात्र सहा महिन्यांनी दोघांनी आणि सासू-सासऱ्यांनी एकत्र बसून व्यवस्था पुन्हा पाहायची, असे आधीच ठरवा. सासूबाईंची प्रकृती ढासळत असेल, मुलगी रात्री दचकून उठत असेल किंवा तुम्हीच आतून रिकाम्या होत असाल, तर व्यवस्था बदला आणि ती बदलताना पहिला पर्याय तुमचा राजीनामा हाच असू नये. आणि सगळे पाहून, मोजून, कोणाच्या अश्रूंना न घाबरता तुम्ही या वर्षी बढती नाकारायचे ठरवलेत, तर तेही पूर्णपणे सन्मानाचे आहे.

मालिका पाहणे बंद करू नका. तो सासूबाईंचा विरंगुळा आहे आणि तुम्ही उठून आत गेलात तर त्या खोलीत फक्त मालिकेचेच म्हणणे शिल्लक राहील. त्यांच्या शेजारी बसा आणि मनात येते ते साधेपणाने विचारा: ‘आई, हिने बाळाच्या बाबांना फोन का नाही केला?’ ही भूमिका करणारी अभिनेत्रीसुद्धा दिवसाला बारा-बारा तास सेटवर असते आणि अशा कित्येक अभिनेत्रींची मुले त्या वेळी घरी आजीजवळ किंवा बाबांजवळ असतात, हेही त्यांना सांगा. माझा अनुभव असा आहे की घरातील ज्येष्ठ बायकांना ही माहिती फार जवळची वाटते आणि त्यावर त्या पुष्कळ बोलतात.

महिनाअखेरपर्यंत वेळ आहे, तेव्हा क्रम असा ठेवा की आधी यजमानांशी आणि मग सासूबाईंशी बोलणे होईल, आणि शेवटी ऑफिसला उत्तर जाईल. उशिराचे तीन दिवस दर आठवड्याला तेच राहतील का, त्यांतील एक दिवस घरून काम करता येईल का, पुण्याची फेरी एका दिवसाची असेल की मुक्कामाची आणि तिची तारीख किती दिवस आधी कळेल, हे व्यवस्थापकांना विचारा. ही उत्तरे आणि वाढीव पगाराचा आकडा ई-मेलवर मागवून घ्या, ते घरी सर्वांना वाचून दाखवा आणि मगच होकार कळवा.